एक्का-राजा हातात, काका समोर

प्रिय ताई,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, वय ३४, मूळचा पुण्याचा. आमच्याकडे दर शनिवारी एका काकांच्या बेसमेंटमध्ये पोकर असतं. टेक्सस होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच), नो-लिमिट, ब्लाइंड्स (पानं बघण्याआधी दोघांनी टाकायचे सक्तीचे पैसे) अर्धा डॉलर आणि एक डॉलर, बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, शंभर. आठ-नऊ जण, सगळे आपलेच, दिवाळीत तीनपत्ती खेळणारे. मी व्हिडिओ बघून बराच अभ्यास केलाय. चांगली पानं असली तरच उतरतो, उतरलो की रेझ करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, आणि फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) लागो न लागो, रेझ मीच केलंय म्हणून पुढेही बेट लावतो. पण इथे कुणी फोल्डच करत नाही, पानं टाकतच नाही!

गेल्या शनिवारचा हात सांगतो. मी डीलर बटनावर, इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा. काका आणि एक वहिनी एक-एक डॉलर टाकून आत आले होते, मी चार केले. बिग ब्लाइंडवरचा मित्र, काका, वहिनी, तिघांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच पैसे घातले. फ्लॉप : बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची पंजी. सगळ्यांनी चेक केलं, म्हणजे काही लावलं नाही, मी दहा लावले. मित्र गेला, बाकीचे दोघं राहिले. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, चौकटची दुर्री, मी पंचवीस. वहिनी गेल्या, काका राहिले. रिव्हरला, शेवटच्या पानाला, इस्पिकचा गुलाम. उरलेले एकसष्ट मी सगळे ढकलले. काका म्हणाले, "बघू तरी," आणि कॉल केलं. त्यांच्याकडे पंजी-सत्ती! मी चिडून म्हणालो, "काका, पंजीच्या जोडीवर कोण कॉल करतं?" टेबल एकदम गप्प झालं.

तीन शनिवारांत ४८० डॉलर गेले. फ्लॉप चुकला की या लोकांसमोर करायचं काय? चेक करून सोडून द्यायचं, तर मग रेझ कशाला केलं, असं वाटतं.

— एक्का-राजा (अरे-तुरे केलंत तरी चालेल)

---

अरे एक्का-राजा,

आधी नावडतं सांगून टाकते. काकांचा कॉल बरोबर होता.

रागावू नकोस, हिशोब बघ. तू एकसष्ट ढकलण्याआधी पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, साडेशहाण्णव होते. म्हणजे काकांना ६१ घालून १५७.५० उचलायचे होते. दहापैकी तीन वेळा जरी तू थापा मारत असलास तरी त्यांचं भागतं. आणि तू तर स्वतःच्या हाताने लिहिलंयस, "लागो न लागो, बेट लावतो." हे तुला वाटतं तेवढं गुपित नाही. तुझा शो काका दर शनिवारी फुकट बघतात, तोही पहिल्या रांगेतून. पत्त्यांचं गणित त्यांना येत नसेल, पण कोण कधी फेकतो हे ओळखायला तीनपत्तीत घालवलेली तीस-चाळीस वर्षं पुरतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. फ्लॉप चुकणं म्हणजे आपलं काहीतरी बिघडलं, असा तुझा सूर आहे. हातात जोडी नसलेली कुठलीही दोन पानं घे, एक्का-राजा घे नाहीतर सत्ती-दुर्री घे, फ्लॉपच्या तीन पानांत त्यांतल्या एकाचीही जोडी न लागण्याची शक्यता ६७.६ टक्के आहे. तीनात दोनदा फ्लॉप चुकणारच. एक्का-राजा दिसायला राजबिंडा, पण फ्लॉप चुकला की तोही नुसतं एक मोठं पान धरून बसलेला हात असतो.

मग व्हिडिओवाले रेझ केल्यावर पुढे बेट लावा असं का सांगतात? कारण समोरच्याचाही फ्लॉप तीनात दोनदा चुकतो. समोर एकच माणूस आहे, त्याला काही लागलेलं नाही, तू पॉटच्या निम्मी बेट लावलीस, तर तीनात एकदा तो उठला तरी तुझी बरोबरी होते. त्याहून जास्त वेळा उठला की वरचा सगळा नफा. ही कंटिन्युएशन बेट खरोखर चालते, मीही लावते. फक्त तिच्यात दोन अटी दडलेल्या आहेत, आणि व्हिडिओत त्या घाईघाईत सांगून होतात : समोर माणसं कमी हवीत, आणि त्या माणसांना पानं टाकता यायला हवीत. तुझ्या बेसमेंटमध्ये दोन्हींची बोंब.

तुझीच दहा डॉलरची बेट घे. पॉट साडेसोळा, तू लावलेस दहा. ही बेट नुसती ब्लफ, म्हणजे थाप, म्हणून फायद्यात यायला साधारण ३८ टक्के वेळा तिघांनीही उठायला हवं. एकाने नाही, तिघांनी. म्हणजे प्रत्येक जण ७२ टक्के वेळा उठणारा हवा. तुझ्या टेबलावर ७२ टक्के वेळा कोण काय करतं? फार तर चिवडा घ्यायला उठत असतील. मी उदार होऊन धरते की प्रत्येक जण निम्म्या वेळा पानं टाकतो. तरी तिघं एकदम उठण्याची शक्यता साडेबारा टक्के, आठात एकदा. त्या एकदासाठी दर वेळी दहा डॉलर.

आणि चेक केलं असतंस तर? तू बटनावर होतास, तुझ्यामागे बोलणारं कुणी नव्हतं. चेक म्हणजे टर्नचं पान फुकट. गड्डीत तीन एक्के आणि तीन राजे शिल्लक होते, त्यांतलं एक टर्नला येण्याची शक्यता जवळपास १३ टक्के, म्हणजे तीही आठात एकदाच. तेवढंच नशीब, पण फुकट. आलं नाही आणि कुणी बेट लावली, तर पानं टाकायची आणि पाणी प्यायला जायचं. तुझा तो हात चार डॉलरचा होता. शंभरचा तू केलास.

त्यात तो फ्लॉपही एक्का-राजाच्या वाऱ्याला उभा न राहणारा. नव्वी-अठ्ठी-पंजी, त्यात दोन बदाम. एक डॉलर टाकून आत येणारी माणसं कुठली पानं धरून बसतात? दश्शी-नव्वी, अठ्ठी-सत्ती, बदामची कुठलीही दोन. सत्ती-छक्कीवाल्याचा तर सिक्वेन्स तिथेच तयार. इकडे तुला एकही पान लागलेलं नाही आणि तिथे प्रत्येकाकडे थांबायला काही ना काही निमित्त आहे. बेट कधी लावायचीच असेल तर राजा-सत्ती-दुर्री, तीन वेगवेगळे रंग, अशा कोरड्या फ्लॉपवर लाव. तिथे थांबण्यासाठी समोरच्याला राजा तरी हवा, नाहीतर जोडी तरी.

मला हे सगळं आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. मी या खेळात आले ती टीव्हीवरचं पोकर बघून, तुमच्या पिढीत व्हिडिओ, आमच्या वेळी टीव्ही, एवढाच फरक. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (पात्रता स्पर्धेतून) दहा हजार डॉलर प्रवेशफीच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पोचला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. शेवटी समोर सॅमी फार्हा उरला होता. त्यांचा एक हात अजून दाखवतात. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, मग अठ्ठी, शेवटी तिर्री. कलर येता येता राहिला, सिक्वेन्स येता येता राहिला, हाती भोपळा. मनीमेकरने सगळे चिप्स ढकलले. फार्हाकडे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची, नव्वीची जोडी होती, आणि बराच वेळ विचार करून त्याने ती टाकली.

आम्ही सगळ्यांनी त्यातून काय घेतलं? छाती असेल तर काहीही नसताना जिंकता येतं. त्या हातातली खरी करामत मला कितीतरी वर्षांनी दिसली. ती फार्हाने केली होती. नव्वीची जोडी हातात असून पानं टाकायला आयुष्य पोकर खेळण्यात गेलेलं असावं लागतं. त्याच्या खुर्चीत तुझे काका असते तर "बघू तरी" म्हणून कॉल आला असता आणि मनीमेकर सोमवारी परत अकाउंट्सच्या टेबलावर दिसला असता.

मी माझा धडा ॲटलांटिक सिटीला गिरवला. कॅसिनोचं नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हती. समोर एक आजोबा, बेसबॉलची टोपी, शेजारी कागदी कपात कॉफी. माझ्याकडे एक्का-राणी, फ्लॉप साफ चुकलेला. मी तीनही वेळा बेट लावली, दर वेळी आधीपेक्षा मोठी. दर वेळी आजोबा कॉफीचा एक घोट घ्यायचे आणि चिप्स पुढे सरकवायचे. शेवटी त्यांनी दाखवली चौकीची जोडी. गार्डन स्टेट पार्कवेवरून परत येताना मी नवऱ्याला पूर्ण रस्ताभर समजावत होते की ते आजोबा किती चुकीचं खेळले. पहिल्या टोलपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांना चुकीचं खेळता येतं हे तुला पहिल्या कॉललाच कळलं होतं ना? मग पुढचे दोन कशाला?" तो पत्ते खेळत नाही. मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

तुझ्या मनातला खरा काटा मला त्या शेवटच्या वाक्यात दिसतो : सोडून द्यायचं तर रेझ कशाला केलं? बाबा रे, रेझ म्हणजे काही शपथ नाही. एक्का-राजावर तू रेझ केलंस कारण त्या क्षणी त्यांच्या पंजी-सत्तीपेक्षा तुझी पानं चांगली होती आणि वाईट पानांवर त्यांनी पैसे घालावेत हे तुझ्या फायद्याचं होतं. ते काम तिथे संपलं. फ्लॉप उघडला की नवा प्रश्न, नवं उत्तर. गुंतवलेले चार डॉलर आता तुझे नाहीत, पॉटचे आहेत. त्यांच्या सोबतीला दहा, दहांच्या सोबतीला पंचवीस, ही तर मुलगी एकटी जाते म्हणून अख्खं वऱ्हाड पाठवण्याची गोष्ट झाली.

आता तुझे "कुणी फोल्डच करत नाही"वाले लोक जरा नीट वेगळे करू, कारण तुझ्याच पत्रात ते वेगळे आहेत आणि तू त्यांना एकाच गठ्ठ्यात बांधलंयस.

मित्र फ्लॉपलाच उठला. वहिनी टर्नला उठल्या. शेवटपर्यंत बसले ते एकटे काका. म्हणजे फ्लॉपच्या आधी सगळे सैल, हे खरं. डॉलर-चार डॉलरला त्यांच्या लेखी किंमत नाही, दोन पानं एका रंगाची दिसली की आत. पण फ्लॉपनंतर सगळे सैल नाहीत. तुझा मित्र मला आधी आत येणारा आणि लागलं नाही तर निघून जाणारा दिसतो. अशा माणसासमोर तू एकटा असशील, फ्लॉप कोरडा असेल, तर खुशाल बेट लाव, काही लागलेलं नसलं तरी. मोठी नको. पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पुरे, ती चारात एकदा चालली तरी बरोबरी होते. त्याने कॉल केलं की मात्र दुकान बंद. दुसरी काडी ओढायची नाही.

वहिनी एक पान बघायला थांबतात. त्यांच्यापुढे फ्लॉपची बेट फुकट जाते, टर्नची कधी कधी चालते. पण त्यासाठी वहिनी एकट्या सापडायला हव्यात, आणि तुझ्या टेबलावर कुणी एकटं सापडत नाही, त्यामुळे हे ज्ञान मनात ठेव आणि फार वापरू नकोस.

काकांसमोर ब्लफ बंद. कमी नाही, बंद. फ्लॉपला नाही, टर्नला नाही, रिव्हरला तर नाहीच. रिव्हरचा ब्लफ बुद्धिमान माणसाला विकायचा माल आहे. तू सांगतोस एक गोष्ट : मी रेझ केलं, मग बेट, मग मोठी बेट, म्हणजे माझ्याकडे नक्की मोठी जोडी. गोष्ट छान आहे. काका गोष्ट ऐकतच नसतात. ते त्यांची पंजी बघत असतात.

आणि ते पानं का टाकत नाहीत हेही समजून घे, तुझा राग थोडा उतरेल. तीनपत्तीत ही माणसं घडली. तिथे पॅक करणारा म्हणजे भित्रा. तिथे पैसे भरून शो मागायचा, कारण समोरच्याने ब्लाइंडमध्ये बसून काय उद्योग केलेत ते बघण्यातच मजा असते. काका आठवडाभर ऑफिस करून शनिवारी बसतात ते तुझ्यासारखी टक्केवारी काढायला नाही. "बघू तरी" हे त्यांच्या संध्याकाळचं तिकीट आहे. ते पैसे बघण्यासाठी देतात. तुझ्याकडे दाखवण्यासारखं काही असेल तेव्हाच ते त्यांच्याकडून घे, एवढंच तुला करायचंय.

इथेच तर तुझी कमाई आहे, आणि पत्रात तिच्याबद्दल एक ओळ नाही. तोच शनिवार, तीच खुर्ची, तोच एक्का-राजा, फक्त फ्लॉप धर राजा-नव्वी-पंजी. काकांकडे तीच पंजी-सत्ती. पॉट साडेसोळा. तू बारा लाव. काका येतात, बाकीचे जातात असं समज. पॉट साडेचाळीस. टर्नला तीस. काका येतात, पंजी आहे ना. पॉट साडेशंभर. तुझ्याकडे चोपन्न उरले, रिव्हरला तेही. "बघू तरी." बघा काका, राजाची जोडी, वर एक्का. फ्लॉपनंतर जे ९६ डॉलर तू गेल्या शनिवारी हवेत उडवलेस, तेच ९६ इथे दुप्पट होऊन परत येतात. अशा टेबलावर हुशारी म्हणून जोडी लपवायची नाही, चेक करून सापळा रचायचा नाही, छोटी बेट लावून गोंजारायचं नाही. लागलं की लाव, आणि भरपूर लाव. दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीवरसुद्धा काकांकडून एखादी बेट वसूल होते, कारण ते तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीवर बसलेले असतात.

एक अपवाद जपून ठेव. कॉल-कॉल करणारे काका एखाद्या टर्नला अचानक रेझ करतील. तेव्हा तुझ्या एक्का-राजाने मान खाली घालून बाहेर पडायचं. तीन महिन्यांत काकांनी स्वतः होऊन रेझ किती वेळा केलं आणि तेव्हा त्यांच्याकडे काय निघालं, आठवून बघ. माझी पैज आहे, दोन जोड्यांच्या खाली काही निघालेलं नसेल.

अर्धवट लागलेल्या हातांचंही बोलायला हवं, कारण चुकणं नेहमी पूर्ण नसतं. समज, त्याच नव्वी-अठ्ठी-पंजी फ्लॉपवर तुझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची राणी असती. जोडी नाही, पण कलरला एकच पान कमी. नऊ बदाम शिल्लक. टर्न आणि रिव्हर मिळून तो लागण्याची शक्यता ३५ टक्के. आता गंमत बघ : हुशार टेबलावर इथली बेट म्हणजे सेमी-ब्लफ, म्हणजे समोरचा उठला तर उत्तम, नाही उठला तर बदाम येईल ही आशा. तुझ्या टेबलावर कुणी उठणार नाही, तरीही फ्लॉपची बेट फायद्यात असते, वेगळ्या कारणाने. तू एक डॉलर घालतोस, समोरचे तिघं तीन घालतात. त्या चार डॉलरांत तुझा वाटा चौथा, आणि जिंकण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे पानं टाकत नाहीत म्हणून ज्यांना शिव्या देतोस, तेच इथे तुझा कलर स्वस्त करतात.

पण टर्नला बदाम आला नाही की थांब. आता एकच पान राहिलं, शक्यता २० टक्क्यांच्याही किंचित खाली. समोर दोघं उरले असतील तर तू तीन डॉलरांतला एक घालतोयस आणि जिंकणार पाचात जेमतेम एकदा. तिथे चेक, आणि फुकट पान बघ. आणि हे सगळं एक्क्याच्या कलरचं. सत्तीच्या कलरवर चार जणांत पैसे ओतायला जाऊ नकोस, कलर लागूनही हरण्याइतकं वाईट काही नसतं.

मधल्या पानाची वाट बघणारे सिक्वेन्स, म्हणजे चारच पानं वाचवू शकतील असे, त्यांची शक्यता दोन पानांत मिळून साडेसोळा टक्के. फुकट मिळालं तर बघ. विकत घेऊ नकोस.

फ्लॉपच्या आधीही एक दुरुस्ती आहे, ती केलीस तर निम्मी डोकेदुखी वरच्या मजल्यावरच राहील. दोन जण डॉलर टाकून आत असताना चार डॉलरचं रेझ म्हणजे आमंत्रणपत्रिका. या टेबलावर सात कर, आठ कर. तुला वाटेल, चारला येणारे आठला कसे येतील? काका येतील. पण बिग ब्लाइंडवरचा मित्र कदाचित येणार नाही, आणि तीन माणसांऐवजी दोन किंवा एकच समोर असणं ही केवढी सोय आहे ते वरच्या ७२ टक्क्यांच्या हिशोबात बघ. एक्क्याची जोडी घे. समोर एकच माणूस कुठलीही दोन पानं घेऊन असेल तर ती ८५ टक्के वेळा जिंकते. चार माणसं असतील तर ५६ टक्के. एक्के तेच, गर्दी वेगळी. म्हणून कुठल्याशा शनिवारी एक्क्यांवर काकांची दुर्री-तिर्री चढली तर ते छापून ठेवण्यासारखं दुर्दैव नाही, जवळपास छापा-काटा आहे. तरी त्या चौघांनी पैसे घातलेले तुला हवेच आहेत, हेही तेवढंच खरं. या खेळात दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात, म्हणून तर रात्री एक वाजता डोकं दुखतं.

छोट्या जोड्या, तिर्री-तिर्री वगैरे, स्वस्तात बघ. तिसरी तिर्री फ्लॉपवर साधारण साडेआठात एकदा येते, ट्रेल झाली की काका आहेतच. नाही आली तर सोड. त्यात भावनेचा प्रश्नच नाही, आणि गंमत म्हणजे तिर्रीच्या बाबतीत तुला हे सोडणं जमतही असणार. जमत नाही ते फक्त एक्का-राजाला सोडणं, कारण तो दिसायला मोठा. तू तर टोपणनावसुद्धा तेच घेतलंस.

येत्या शनिवारसाठी एक काम देते. एक चिप, निळी असेल तर निळी, तुझ्या ढिगातून बाजूला काढून पानांवर ठेवायला घे. फ्लॉप उघडला, तुला काही लागलं नाही आणि समोर दोन किंवा जास्त माणसं आहेत, असं झालं की ती चिप पानांवर ठेव आणि चेक म्हण. बस. ती चिप पानांवर असेपर्यंत त्या हातात तू स्वतःहून पैसे घालायचे नाहीत, बेट आली तर पानं टाकायची. टर्नला एक्का किंवा राजा आला तरच चिप उचलायची. रात्रभरात ती किती वेळा पानांवर गेली ते मोज, घाबरशील. आणि दर वेळी पानं उघडी झाली की कोण काय घेऊन शेवटपर्यंत बसलं ते बघ, घरी निघायच्या आधी गाडीत बसून फोनमध्ये दोन ओळी लिही. "काका : पंजी-सत्ती, तीन बेट कॉल." ही ओळ तुझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा महाग आहे, शंभर डॉलरला घेतलीयस, हरवू नकोस.

पाचशेला वीस कमी एवढे तीन शनिवारांत गेले म्हणतोस, म्हणजे दर वेळी दुसरा बाय-इनही काढतोयस. काही दिवस शंभरच घेऊन जा. दुसरे शंभर बहुतेक चिडलेले असतात.

राहता राहिलं ते वाक्य. "पंजीच्या जोडीवर कोण कॉल करतं?" ताई म्हणून विचारशील तर वडीलधाऱ्या माणसाच्या घरात, त्यांच्याच टेबलावर, हे बोलणं शोभलं नाही. पोकर खेळणारी म्हणून विचारशील तर त्याहून वाईट. तुझ्या टेबलावर एक माणूस आहे जो तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीवर शंभर डॉलर घालायला तयार असतो, आणि तू त्याला भर सभेत शिकवतोयस की असं करू नये! उद्या ते शिकले तर? काका पानं टाकायला लागले, तर तुझ्या राजाच्या जोडीला रिव्हरपर्यंत पैसे कोण देणार? वर टेबल गप्प झालं म्हणतोस. गप्प टेबलावर लोक जपून खेळतात. हसत्या टेबलावर "बघू तरी" म्हणतात.

तेव्हा शनिवारी जरा लवकर जा. जाताना बाकरवडी घेऊन जा, एडिसनला ओक ट्री रोडवर सगळं मिळतं. काकांना काय म्हणायचं ते तुझं तू बघ, मोठं भाषण नको. पंजी-सत्तीचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढलाच, आणि ते काढणारच, सगळ्यांसमोर, रंगवून, तर "चांगला कॉल होता काका" म्हण. होताच तो.

— तुझी ताई